घरटी एक किलो

२०२३ च्या जुलैतला एक शनिवार. झड लागलेली होती, पार्किंगच्या पत्र्यावरून पाणी गळत होतं आणि जुन्नरच्या दादा-वहिनींच्या शेतावरून येणारा भाजीचा टेम्पो तासभर उशिरा आला होता. मागचं फळकं खाली पडलं तसा ओल्या गोणपाटाचा, मेथीचा आणि मातीचा एकत्र वास सुटला. भेंडी, दोडकी, गवार, पडवळ, पावसाने मान टाकलेला राजगिरा असं सगळं उतरलं. टोमॅटोचे क्रेट मात्र दोनच. "टोमॅटो घरटी एकच किलो हां," वहिनींनी काटा मांडता मांडता सांगितलं, "भाव ठरलाय तोच, पन्नास." कोपऱ्यावरच्या हातगाडीवर त्या दिवशी दीडशे चालू होते. आमच्यातल्या एका गृहस्थांनी यादीत पाच किलो लिहिले होते. बाकीचा माल कुठे गेला, असं त्यांनी विचारलं. "नारायणगावच्या बाजारात घातला," वहिनी म्हणाल्या. आडपडदा न ठेवता, नजर न चुकवता. गृहस्थांचा आवाज चढला. "मग ही फसवणूकच झाली की! वर्षभर आम्ही तुमच्याकडून घेतो ते कशासाठी?" वहिनी काही बोलल्या नाहीत. पुढच्या पिशवीसाठी अर्धा किलो गवार तोलली, काटा स्थिर होईपर्यंत थांबल्या आणि वर मूठभर टाकली.

पिशवी त्याच गृहस्थांची होती.

भाजी घेऊन सगळे पांगले, पण 'फसवणूक' काही डोक्यातून जाईना. आम्ही काही घरं मिळून दादा-वहिनींकडून थेट सेंद्रिय भाजी घेतो, त्या गटाची यादी माझ्याकडे असते. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून ती माझ्या गळ्यात पडली आणि आता उतरायला तयार नाही. दर गुरुवारी रात्रीपर्यंत प्रत्येक घराने आपापल्या ओळीत काय हवं ते भरायचं, शुक्रवारी सकाळी ती यादी दादांना जाते, शुक्रवारी दुपारी तोडा होतो. तोडा दुपारीच, कारण भोवती सगळा ऊस आणि उसात बिबट्या. पहाटेच्या अंधारात वावरात बायका घालायच्या कोणी? (भाजी 'मॉर्निंग फ्रेश' का नसते, असं नव्याने आलेलं एखादं घर विचारतंच. त्याचं उत्तर हे आहे.) तर त्या संध्याकाळी मी यादीची मागची पानं काढून बसले. जुलैचा टोमॅटोचा रकाना फुगलेला होता. एरवी जी घरं अर्धा किलो घेतात त्यांनी दोन-दोन, तीन-तीन लिहिलेले. मग मे महिना उघडला. तिथे त्याच रकान्यात निम्म्याहून जास्त घरांसमोर काहीच नाही. नुसती पांढरी जागा.

त्या मेमध्ये काय चाललं होतं, ते आठवत असेल. टोमॅटोला भाव नव्हता. वीस किलोचा क्रेट शंभराच्या आत जात होता, म्हणजे किलोला पाच रुपयेही नाहीत. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं सुटेना म्हणून लोकांनी क्रेटच्या क्रेट रस्त्याच्या कडेला ओतले, कोणी उभ्या पिकात जनावरं सोडली, कोणी रोटर फिरवला. आमच्याकडे दाराशी दहा रुपयांना किलो मिळत होता, घासाघीस केली तर पंधराला दोन. आणि आमच्या गटाचा भाव होता पन्नास. तेव्हा त्या पांढऱ्या जागेचा अर्थ लावायला काही फार अक्कल लागत नाही. गंमत अशी, की जुलैत टोमॅटो सोन्याचा झाला तो मेमध्ये मातीमोल झाला होता म्हणूनच. भाव नाही म्हणून कित्येकांनी प्लॉट सोडून दिले, नव्या लागवडी घटल्या, वर उन्हाचा तडाखा आणि विषाणूरोग. दोन महिन्यांनी बाजारात मालच नव्हता. नारायणगावला क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला, वाहिन्यांवर करोडपती शेतकरी दिसायला लागले, सरकारने ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आणायचं जाहीर केलं. आणि सप्टेंबरात पुन्हा क्रेट शंभराच्या घरात. तेव्हा वाहिन्यांवर कोणी नव्हतं.

आमचा पन्नासचा भाव कसा ठरला होता, तेही सांगायला हवं. हंगामाच्या तोंडाशी दादांच्या ओसरीवर बैठक झाली होती. दादांनी शाळेची दोनशे पानी वही आणली. रोपं, बांबू, तार, सुतळी, ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती, खुरपणीच्या मजुऱ्या, शेणखताच्या ट्रॉल्या असं सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. जमिनीचं भाडं आणि स्वतःची मजुरी त्यात नव्हती. ती धरायची असते, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी ती धरायला लावली. किलोला पंचवीस-सव्वीस खर्च निघाला. वाहतूक, सड, फुटलेला माल, आणि घरात दोन पैसे राहायला हवेत म्हणून पन्नास. बाजार वर जावो नाहीतर खाली, हंगामभर पन्नास. सगळ्यांनी माना डोलावल्या, वहिनींनी गुळाचा चहा दिला. आम्हाला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. परतीच्या गाडीत एकजण म्हणालाही, मधले सगळे दलाल आपण काढून टाकले.

मधले काढून टाकणं ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासनिबंधात आकडा आहे: ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो त्यातले ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. आमच्या पन्नासातले टेम्पो वजा जाता चाळीसच्या वर दादांच्या घरी जायचे. हिशेब उत्तम आहे. पण तो क्रेट विकला गेला तरच. अडत्याला लाख शिव्या द्या, तो माल परत पाठवत नाही. पाच रुपयाने घेईल, पण घेईल. आम्ही अडत्याची जागा घेतली; 'आज नको' म्हणायची सोय मात्र जवळच ठेवली.

जुलैचा टोमॅटो जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यातलं हे पीक म्हणजे करप्याशी रोजची झटापट. ढगाळ हवा, पानांवर पाणी साचलेलं, की दोन दिवसांत खालच्या पानांवर तपकिरी वर्तुळं उठतात आणि चौथ्या दिवशी झाड भाजल्यासारखं दिसतं. शेजारच्या प्लॉटमध्ये दर दोन-तीन दिवसांनी औषधफवारणीचा पंप चालू असतो. त्याचा वास बांधावर उभं राहिलं तरी घशात उतरतो. दादांच्या बाजूला निळ्या ड्रममध्ये जीवामृत. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. काठीने सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, नेहमी एकाच दिशेने. आंबट, शेणकट, थोडासा ताडीसारखा वास; पहिल्यांदा नकोसा होतो. आंबट ताकाची फवारणी, दहा पाल्यांचा दशपर्णी अर्क, पिवळे चिकट सापळे, कडेने झेंडू. एवढं करून त्या पावसात दादांचा जवळजवळ निम्मा प्लॉट करप्याने नेला होता. जो टोमॅटो आमच्याकडे येतो त्याच्या देठाशी तडे असतात, खांद्यावर पिवळट पट्टा असतो, दोन टोमॅटो एका मापाचे नसतात. चिरला की रस ताटभर होतो. आमटीला वेगळी चिंच लागत नाही, एवढं मी छातीठोक सांगू शकते. बाकी ऑरगॅनिकच्या चवीबद्दल लोक जे काव्य करतात, त्यातलं निम्मं ताजेपणाचं असतं, असं माझं मत आहे.

आम्ही लहानपणी शनिवार पेठेत राहत होतो आणि आईची मंडई ठरलेली. महात्मा फुले मंडई; १८८६ साली उघडली तेव्हा ती रे मार्केट होती, आणि ज्यांचं नाव तिला पुढे मिळालं त्या जोतीरावांनीच नगरपालिकेत असताना या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला माहीत होती हडपसरकडची एक भाजीवाली, कपाळभर कुंकू, पदराच्या गाठीत चिल्लर. दोघींचं भांडण मी शेकडो वेळा ऐकलंय. आई आठ आणे कमी करायला सांगायची, ती आई-बाप काढायची, आई दोन पावलं पुढे जायची, ती हाक मारायची. शेवटी कोथिंबीर फुकट. पण आईला कावीळ झाली तेव्हा ती बाई विचारत विचारत वाड्यावर आली होती, मुळ्याची जुडी घेऊन. पैसे घेतले नाहीत. अशा आठवणीवर फार भरवसा ठेवू नये, हेही मला कळतं. त्या काळी शेतकऱ्याच्या घरी आनंदीआनंद होता असं नाही, आणि ती बाई स्वतः पिकवत होती की पहाटे कोणाकडून घेऊन बसत होती, हे आम्ही कधी विचारलं नाही. तरी एक गोष्ट आहे. ती घासाघीस तोंडावर होती. आमच्या गटात कोणी घासाघीस करत नाही, त्याचा आम्हाला केवढा अभिमान! आम्ही ती रकाना रिकामा ठेवून करतो.

खात्रीचंही तसंच. गटात नवं माणूस आलं की पहिला प्रश्न: खरंच ऑरगॅनिक आहे ना? प्रश्न रास्त आहे, ऑरगॅनिकच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दादा पीजीएस गटात आहेत, म्हणजे आसपासच्या गावांतले शेतकरी एकमेकांच्या शेतात जाऊन, बांधापासून गोठ्यापर्यंत बघून, एकमेकांबद्दल लिहून देतात. परदेशी माल पाठवणाऱ्यांची प्रमाणपत्रं वेगळी, त्यांच्या तपासणीचा खर्च दोन एकरवाल्याला झेपत नाही. छोट्या शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकलं आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली, तर कायद्यानेही त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. 'जैविक भारत'चं सरकारी चिन्ह तेवढं लावता येत नाही. हे सगळं सांगितलं की लोक मान हलवतात आणि मग विचारतात, पण खात्री काय? म्हणून आम्ही वर्षातून दोनदा शिवारफेरी काढतो. मुलं चिखलात लोळतात, पुरुषमंडळी ठिबकचे व्हॉल्व्ह उघडून बघतात, कोणीतरी कोठीच्या खोलीत डोकावून युरियाची गोणी दिसते का ते पाहतं. वहिनी हे ओळखून आहेत. "कोठी पण बघून घ्या ताई," त्या आपणहून म्हणतात, आणि मला कुठे बघावं ते कळत नाही. गुळाचं तर विचारू नका. बिनरसायनाचा गूळ हवा म्हणून दोन वर्षं मागे लागले, आणि तो आला तेव्हा रंग बघून निम्म्यांनी परत केला. पिवळाधमक गूळ हायड्रोस या रंग उडवणाऱ्या रसायनाने होतो, भेंडीच्या पाण्याने मळी काढलेला गूळ काळसर तपकिरीच राहतो, हे मी तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं. "खराब झालाय बहुतेक," एक बाई म्हणाल्या.

त्यांच्यावर आमची ही एवढी नजर. आमची कोठी बघायला कोण येतं?

जपानमध्ये असे गट आमच्या कितीतरी आधी निघाले. कीटकनाशकं आणि प्रदूषणाने हादरलेल्या घरांनी, बऱ्याचदा बायकांच्या पुढाकाराने, थेट शेतकऱ्यांशी करार केले. तिकडे त्याला तेईकेई म्हणतात. तिथल्या सेंद्रिय शेती संघटनेने १९७८ मध्ये त्याची दहा तत्त्वं लिहून काढली. भाव दोघांनी समजुतीने ठरवावा, वाटप आपलं आपण करावं, ही त्यातली तत्त्वं आम्ही नकळत पाळतच होतो. पण त्यात आणखी एक आहे: ठरवून पिकवलेलं जे येईल ते सगळं घ्यायचं. मुळा उदंड आला तर मुळा खायचा. हे वाचलं तेव्हा आमच्या गटातली नावं डोळ्यांसमोर आली आणि हसू आलं. आमच्याकडे लागोपाठ दोन शनिवार पडवळ आलं तर निषेधाचे सूर निघतात. मुंबईतही २०१० च्या सुमारास ठरावीक टोपली घ्यायची, आत काय ते शेतकरी ठरवणार, असे प्रयोग झाले. टोपलीत काय निघेल याची उत्सुकता पहिले काही आठवडे टिकते. मग लोकांना फरसबी हवी असते.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी हे सगळं सांगत बसले होते. त्या वरवंट्याने शेंगदाणे भरडत होत्या. (मिक्सर त्यांना मान्य नाही.) "तुमी पन्नासनं घेत होता तवा म्या धा रुपयानं घेतला," त्या म्हणाल्या, "आन् शंभरच्या वर गेला तवा घेतलाच न्हाई. कोकम टाकलं." झालं. मी म्हणते तो न्याय पुण्यातल्या काही सोसायट्यांपुरता आहे आणि त्याची ऐपत असणाऱ्यांपुरता. मावशींच्या घरी दहा रुपयांचा टोमॅटो पोचतो तो कोणाच्या तरी बुडीत क्रेटमधून, आणि त्यासाठी मावशींना दोष कसा देणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही. भाजीच्या गटाने ते सुटेल असंही मला वाटत नाही. पण पन्नास देणं ज्यांना जड नाही, त्यांनी मेमध्ये दहाच्या गाडीकडे वळावं आणि जुलैत पन्नासवर हक्क सांगावा, याला मावशींची गरिबी आडोसा म्हणून वापरता येणार नाही.

दिवाळीनंतर जुन्नरला गेले तेव्हा दादांकडे विषय काढला. ते लसणाच्या वाफ्याला पाणी देत होते. पाणी एका दारातून दुसऱ्या दारात वळवताना खोऱ्याच्या एका फटक्यात मातीचा बांध फोडायचा, दुसऱ्यात बांधायचा. मला वाटलं होतं, ते संकोचतील. कसलं काय! "मेमध्ये तुमच्या गटाचा आकडा निम्म्यावर आला," ते म्हणाले, "उरलेला माल मी बाजारात पाचनं दिला. जुलैत तिथंच शंभरच्या वर चाललेला, तर काय करायचं? अहो, घरटी किलो पन्नासनं दिला ना, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता." अबोला कोणी धरला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. वहिनी आत भाकरी थापत होत्या, थापण्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. मी हिशेब केला: आमच्या प्रत्येक किलोमागे त्यांनी तेव्हा निदान पन्नास रुपये सोडले होते. कोणी मागितले नव्हते, कोणी आभारही मानले नव्हते. आम्ही एक किलोच का, एवढंच विचारलं.

फसवणूक झाली होती, पण ती जुलैत नव्हे आणि वहिनींकडून नव्हे. हे मी पुढच्या बैठकीत बोलले, थोडं सौम्य करून, यादीची दोन पानं शेजारी शेजारी ठेवून. नावं झाकली होती, तरी ज्याला त्याला आपापली ओळ कळली असावी. बराच गोंधळ झाला. ग्राहकाला निवडीचा हक्क आहे की नाही, इथपासून आम्ही काय दानधर्म करतोय का, इथपर्यंत. बँकवाले काका मात्र शांतपणे म्हणाले, मुदतठेवीत व्याज घसरलं की बँक ते नाकारते का, ठरलेलं देतेच ना. त्यांच्या त्या उदाहरणाने माझ्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त काम केलं. २०२४ पासून नियम बदलला. टोमॅटो, कांदा, बटाटा या तिन्हींचं माप घरटी ठरलेलं, हंगामाचे पैसे आगाऊ, नको असेल त्या आठवड्यात शेजाऱ्याला द्या, पण आकडा खोडायचा नाही. दादांनी भाव साठ मागितला, पंचावन्नवर मिटलं. काही घरं गेली. पाच किलोवाले गृहस्थही गेले, जाताना मला एक लांबलचक पत्र लिहून, ज्यात मुक्त बाजारपेठेवर दोन परिच्छेद होते. त्यातला एक खरोखर चांगला होता.

यंदा त्यांच्या सौभाग्यवतींचा फोन आला. पुन्हा गटात यायचंय म्हणाल्या, भाज्यांना चव नाही बाहेरच्या, आणि ह्यांना सांगू नका मी फोन केला ते. गटात दोन मतं पडली. मी दादांना विचारलं. पलीकडे मोटरचा आवाज, मध्येच बैलाला घातलेली हाक.

"घ्या की," दादा म्हणाले. "फक्त जुलैत नका घेऊ. मेमध्ये घ्या. आणि ताई, टेम्पोवाला भाडं वाढवून मागतोय, त्याचं काय करायचं ते आधी सांगा."